पर्स, गॉगल, दोन मोबाइल आणि मी : थीम पार्क चालवणाऱ्यांना खुलं पत्र

मोठमोठी थीम पार्क आखणाऱ्या, बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या समस्त मंडळींना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आम्ही नवरा-बायको तुमच्यापैकी एकाच्या पार्कमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत एक अख्खा दिवस घालवून आलो. कोणाच्या, ते लिहीत नाही. नाव घेतलं की एक जण खुलासा देत बसतो आणि बाकीचे सुटलो म्हणतात. मला जे सांगायचं आहे ते बाकीच्यांनीही वाचावं, अशी इच्छा आहे.

आधी आमच्याबद्दल. लग्नाला २८ वर्षं झाली, मुलं आपापल्या वाटेला लागली. उंच, वेगवान, उलटंपालटं करणारं जे जे म्हणून असेल त्यात बसायची माझ्या बायकोला भारी हौस. ती हौस आधी मुलांच्या उंचीपायी अडली, कारण तुमच्या त्या मोजपट्टीच्या खाली राहणाऱ्या पोराला एकटं सोडून आईनं जायचं कसं? पुढे त्याच पोरांच्या परीक्षांपायी अडली. मला मात्र साध्या झोपाळ्यावरही मळमळतं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या एक सांगतात, डोळे भलतंच सांगतात, मग मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट ढवळून निघतं, असं डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मला ते नीट समजलं, पोटाला समजलं नाही. तेव्हा दिवसाची वाटणी घरूनच ठरलेली होती. ती बसणार, मी सामान सांभाळणार.

हे पत्र त्या सामान सांभाळणाऱ्याचं आहे.

तुमच्या पार्कमध्ये जोडीनं येणाऱ्यांचा तुम्ही दोनच प्रकारे विचार केलेला दिसतो. एक तर ते नवथर जोडपं असतं आणि प्रत्येक राइडवर दोघं हातात हात धरून किंचाळतं, जाहिरातीत असतं तसं. नाहीतर ते आईबाप असतात. आईबापांसाठी सोय आहे, आणि चांगली आहे. एकानं तान्हं मूल सांभाळायचं, दुसऱ्यानं बसून यायचं, मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल. पण ज्या जोडीत एकाला बसायचं असतं आणि दुसऱ्याला कधीच बसायचं नसतं, तिचं काय? बीपीवाले, पाठीचे, मानेचे, गरोदर बायका, नुसतेच घाबरणारे. प्रवेशद्वाराजवळ तुम्हीच लावलेल्या पाटीवर आमची यादी असते. ‘यांनी बसू नये’ एवढं त्या पाटीवर असतं. यांनी तोवर काय करावं, हे कुठंच नसतं.

सकाळची गोष्ट सांगतो. पहिलीच राइड, पार्कातली सगळ्यांत उंच रोलर कोस्टर. बाहेरच्या फलकावर ४५ मिनिटं. बायकोनं पर्स, गॉगल, स्कार्फ, वाचायचा चष्मा आणि मोबाइल माझ्या हवाली केला, कारण सुटी वस्तू नेता येत नाही, आणि ती आत गेली. मी बाहेर पडायच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. उभाच, कारण बसायला काही नव्हतं. फुलझाडांच्या वाफ्याला एक कठडा होता, त्याच्यावर कोणी टेकू नये म्हणून तो मुद्दाम उतरता केलेला.

पन्नास मिनिटं झाली. साठ झाली. दर दीड-दोन मिनिटांनी दारातून विस्कटलेल्या केसांची एक लाट बाहेर यायची, मी मान उंच करायचो, आणि ती नसायची. सत्तराव्या मिनिटाला चढावर निघालेली गाडी मधेच थांबली. सुरुवातीच्या त्या उभ्या चढावर, जमिनीपासून बऱ्याच वर, माणसांसकट. खटखट आवाज बंद झाला. एवढा वेळ तो आवाज चालू होता हे मला तो थांबल्यावर कळलं.

तिला फोन लावावा म्हणून खिशात हात घातला. तिचा फोन माझ्याच दुसऱ्या खिशात होता. तेवढ्यात तोच वाजला. मुलगी. “आई कुठंय?”

“बहुतेक वर,” मी म्हणालो.

गाडीतली माणसं खालून दिसत होती ती वाटाण्याएवढी. कुर्त्याच्या रंगावरून ओळखायचा प्रयत्न केला. तीन बायका तशाच रंगाच्या. दाराशी उभ्या असलेल्या तुमच्या मुलाला विचारलं, तो अदबीनं म्हणाला, “थोडा वेळ लागेल, सर.” कशाला वेळ लागेल ते त्यालाही सांगितलेलं नसावं. माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांचा नातू आत होता. त्या पुटपुटत होत्या. मी देवाचं फारसं करत नाही, पण त्यांच्या जवळ सरकून उभा राहिलो.

अकरा मिनिटांनी गाडी पुन्हा चालू झाली. त्यात ती नव्हतीच. ती आणखी काही गाड्यांनंतर आली, एक तास पस्तीस मिनिटांनी, गालांवर लाली आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. मला बघून म्हणाली, “अहो, केवढे घामाघूम झालात! सावलीत नाही का थांबायचं?”

आत काय झालं होतं ते तिनं सांगितलं. गाडी थांबली तेव्हा ती रांगेतच होती. आत ध्वनिक्षेपकावरून लगेच सांगण्यात आलं की फलाटावर एकाचा पट्टा नीट बसत नाहीये म्हणून मागची गाडी थांबवली आहे, काळजीचं कारण नाही. पडद्यावर तेच लिहून आलं. रांगेतल्या पोरांशी तुमच्या माणसांनी थट्टामस्करी केली. म्हणजे ज्यांना काहीच दिसत नव्हतं त्यांना सगळं सांगितलं, आणि अधांतरी लटकलेली गाडी ज्यांच्या डोळ्यांसमोर होती त्यांना अवाक्षर नाही.

त्या रात्री परतल्यावर मी वाचत बसलो. रुळांचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा रोलर कोस्टरचा मूळ नियम. पुढची गाडी फलाटावर अडकली तर संगणक मागचीला जिथं थांबवता येईल तिथं थांबवतो, म्हणजे ब्रेकच्या जागी किंवा चढावर. चढावर ती मागे घसरत नाही, कारण खाली दातेरी पट्टी असते आणि गाडीचा खटका एकेका दात्यात पडत जातो. तोच तो खटखट आवाज. माझ्या जिवाचं पाणी करणारी ती अकरा मिनिटं म्हणजे यंत्र बिघडल्याची खूण नव्हती, ते चोख चालल्याची होती. एवढी अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट, आणि बाहेर उभ्या असलेल्या शे-दीडशे माणसांना तुम्ही ती सांगितली नाहीत. आश्चर्य वाटतं.

वाट पाहण्याच्या विषयात तुम्ही काही अडाणी नाही. उलट तुमच्याइतका त्याचा अभ्यास फार थोड्यांनी केला असेल. डेव्हिड मेस्टर यांचा रांगेच्या मानसशास्त्रावरचा १९८५चा लेख तुमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असणार. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो. किती थांबायचं ते माहीत नसलं की वेळ लांबतो, का थांबायचं ते माहीत नसलं की लांबतो, काळजीनं लांबतो, आणि एकट्यानं थांबावं लागलं की लांबतो. हे सगळं तुम्ही रांगेच्या आत निस्तरलंत. वळणावळणाची वाट केलीत, म्हणजे रांग किती लांब ते दिसू नये. भिंतींवर चित्रं, खेळ, पडदे लावलेत. मिनिटांचा फलक लावलात. तो खरा राहावा म्हणून काही ठिकाणी रांगेत शिरणाऱ्या एखाद्याच्या हातात कार्ड देऊन, शेवटी ते परत घेऊन वेळ मोजतात, असंही वाचलं. आता तीच यादी बाहेरच्या माणसाला लावून बघा. तो रिकामा आहे, त्याला किती वेळ ते माहीत नाही, का ते माहीत नाही, तो काळजीत आहे आणि एकटा आहे. पाचच्या पाच.

आणि हा माणूस तुमच्यासाठी फुकट राबतो आहे, हे लक्षात आलंय का? त्या दीड तासात मी गाड्या मोजल्या, दुसरा उद्योगच नव्हता. एका गाडीत २४ जणांची जागा. दर ९० सेकंदांना गाडी सुटली तर तासाला ४० गाड्या, ९६० माणसं. तेच फलाटावर प्रत्येक वेळी अर्धा मिनिट जास्त गेलं, कुणाची बॅग कप्प्यात मावेना, कुणाचा फोन खिशातून निघेना, तर तासाला ३० गाड्या, ७२० माणसं. २४० माणसांचा फरक, आणि हा फरक थेट रांगेत उतरतो. माझ्या बायकोनं फलाटावर पाऊल टाकलं तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं, कारण ते सगळं माझ्या हातात होतं. तुमच्या राइडचा चालता-बोलता लॉकर मी. लॉकरला निदान छप्पर असतं.

कोणी म्हणेल, साध्या बाकड्यासाठी किती हे रामायण! पण बाकड्याला कमी लेखू नका. तुमच्या सगळ्या धंद्याचा उगम एका बाकड्यावर आहे. वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना फिरायला नेत असत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली मेरी-गो-राउंडवर गोल गोल फिरायच्या आणि हे बाकड्यावर शेंगदाणे खात एकटे बसायचे. मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून मजा करावी अशी एखादी जागा का असू नये, हा विचार तिथं बसल्या बसल्या आला, असं त्यांनीच पुढे सांगितलेलं आहे. त्यातून १९५५ साली डिस्नेलँड उभं राहिलं. म्हणजे थीम पार्कची कल्पना सुचली ती राइडमध्ये बसणाऱ्याला नव्हे, बाहेर थांबणाऱ्याला. ७० वर्षांनंतर त्याच्या वारसांच्या पार्कांत तो थांबणारा अजून आहेच, फक्त त्याच्या बुडाखालचं बाकडं काढून घेतलंय.

दुपारी चित्र बदललं, ते बायकोमुळे. दुसऱ्या राइडच्या तोंडाशी ती म्हणाली, “बसू नका, पण रांगेत तरी चला ना. मी एकटी काय करू तास-दीड तास?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रांग म्हणजे बसणाऱ्यांची, असं मी धरून चाललो होतो, आणि तुमच्या पाट्याही तसंच सुचवतात. गेलो. तिथल्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, जा, वर गेलात की सांगा, बाजूनं सोडतील. पर्स वगैरेही वरपर्यंत माझ्याकडेच राहिली, हा आणखी फायदा.

सव्वा तास लागला. काय सांगू तुम्हाला, वर्षातला आमचा सगळ्यांत लांब संवाद त्या रांगेत झाला. घरी दोघांच्या मधे टीव्ही असतो, फोन असतो, गॅसवर काहीतरी असतं. तिथं तिचा फोन माझ्याकडे आणि माझ्या फोनची बॅटरी तुमच्या ॲपनं खाल्लेली. तिनं पोहण्याच्या वर्गाला नाव घातलंय हे मला तिसऱ्या वळणावर कळलं. चौथ्या वळणावर सहा वर्षांपूर्वीचं एक भांडण निघालं. घरी असतो तर मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो असतो. रांगेत जाणार कुठं? पुढे एक कुटुंब, मागे कॉलेजची पोरं. पाचव्या वळणापर्यंत मी चूक कबूल केली होती. मागच्या पोरांपैकी एकानं तर सुटकेचा निःश्वास टाकला, बहुधा तो सगळं ऐकत होता.

राइड किती वेळाची? मी घड्याळ लावलं होतं, दोन मिनिटं दहा सेकंद. जोडीनं घालवलेला दिवस म्हणून तुम्ही आम्हाला जे विकता, त्यातला एकत्र वेळ खरोखर कुठं असतो, ते तुमच्या रांगेवर मेहनत घेणाऱ्या मंडळींना माझ्यापेक्षा चांगलं दिसत असेल.

फक्त वरची वेळ आली तेव्हा सगळा रंग गेला. मी त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे हळूच म्हणालो की मी बसणार नाही. तिथल्या पोरानं ऐकू आलं नाही म्हणून मोठ्यानं विचारलं, “सर, बसायचं नाही?” फलाटावरची सगळी डोकी वळली. दहा वर्षांचा एक शहाणा म्हणाला, “काका घाबरले.” मग भिंतीच्या रंगाचं, पाटी नसलेलं, हातभर रुंदीचं एक दार उघडून मला बाहेर काढलं, चोरासारखं. इंग्रजीत या दाराला ‘चिकन एक्झिट’ म्हणतात, म्हणजे भेकडांचं दार. नाव कुणी ठेवलं असेल ते असो, पण दार बांधलंत हे तुमचं शहाणपण. मग त्याच्यावर पाटी लावायची लाज का? ‘सोबत आलेल्यांसाठी मार्ग’ एवढे तीन शब्द लिहिलेत तर खाली उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना कळेल की आपल्याला आपल्या माणसाबरोबर वरपर्यंत जाता येतं.

तिसऱ्या राइडला एकट्यांची वेगळी रांग होती. ती कशासाठी ते बघताक्षणी कळतं. तिघांचं कुटुंब आलं की दोघांच्या ओळीत एक जागा रिकामी उरते, ती भरायला एकटा माणूस हवा. हुशारीची सोय आहे, बायको पंधरा मिनिटांत बसून आली. पण तिथल्या माणसानं दोघांच्या जोड्यांनाही तिकडेच पिटाळायला सुरुवात केली होती. “रांग लवकर सरकेल” म्हणे. आमच्या पुढच्या जोडप्यातला नवरा पहिल्या गाडीत गेला आणि बायको तिसऱ्या. दोघांच्या ओळीत बरोब्बर मावणारं गिऱ्हाईक म्हणजे जोडपं. जे आधीच नेमकं बसतं त्याचे दोन तुकडे कशाला करता?

पैसे भरून पुढे जायच्या रांगेबद्दल मी फार बोलणार नाही, त्याबद्दल तुम्हाला रोज ऐकावं लागत असेल. १९९९मध्ये डिस्नेनं फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता, २०२१पासून त्याच्या जागी पैशांची योजना आली, आणि आता ठिकठिकाणी तेच आहे. तुमचा धंदा आहे, करा. फक्त एक. त्या रांगेतून एकदम तीस-चाळीस जण सोडले की साध्या रांगेचा फलक खोटा पडतो, आणि तो वाचून बाहेर थांबलेला माणूस हिशेब चुकल्यामुळे पुन्हा आजींजवळ सरकतो.

तर मागणं काय? प्रत्येक मोठ्या राइडच्या बाहेर पडायच्या दाराशी बसायची जागा, डोक्यावर सावली, आणि ती अशा कोनात की चढ आणि शेवटचं वळण दिसेल. तिथं एक फलक, ‘आता बाहेर येणारे लोक रांगेत किती वाजता शिरले होते’ एवढं सांगणारा. पुढचा अंदाज नको, होऊन गेलेलं सांगा, ते तुम्हाला माहीत असतंच. आत जी घोषणा कराल तीच बाहेर. आणि फलाटावरच्या त्या भेकडांच्या दारावर पाटी. यातली एकही गोष्ट १०० मीटर उंच नाही की उलटी फिरत नाही. तुमच्या अभियंत्यांना कंटाळा येईल इतक्या त्या सोप्या आहेत.

संध्याकाळी आम्ही दोघं मिळून एकाच गोष्टीत बसलो, आकाशपाळण्यात. तो सावकाश फिरतो, माझे कान तक्रार करत नाहीत. १८९३मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी पहिला मोठा पाळणा उभारला तेव्हा त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत, हे मी बायकोला सांगत होतो. ती ऐकत नव्हती. दिवे लागले होते, खाली सगळं पार्क नकाशासारखं पसरलं होतं आणि ती बोट दाखवून एकेक राइड ओळखत होती. सकाळची ती उंच राइड आली. तिच्या बाहेरच्या दाराशी, त्या उतरत्या कठड्यापाशी, कोणीतरी उभं होतं. दोन्ही खांद्यांवर बॅगा, हातात आणखी काहीतरी, मान वर.

“तो बघा,” बायको म्हणाली, “तुमचा माणूस.”

पाळणा खाली येईपर्यंत तो तिथंच होता. आम्ही बाहेर पडायच्या फाटकाकडे निघालो तेव्हाही होता. दुपारी तीननंतर त्या जागेच्या डाव्या बाजूला, भिंतीपासून साधारण दोन पावलांवर सावली येते. बाकडं तिथं बसवा. नकाशावर खूण करून हवी असेल तर पाठवतो.

आपला,
दोन मोबाइल सांभाळणारा एक गिऱ्हाईक